१९१३ ची एप्सम डर्बी: क्रॅगानूरकडून जिंकलेली रेस काढून घेतली ते बरोबर होतं का?

पॅडॉकवाला

४ जून १९१३ च्या इंग्लंडमधल्या डर्बीचा विषय निघाला की सगळे एमिली डेव्हिसनवरच येतात, बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी लढणारी ही बाई राजाच्या घोड्यासमोर आली आणि चार दिवसांनी हॉस्पिटलमध्ये वारली. ते बोलायलाच पाहिजे. पण त्याच रेसच्या शेवटच्या दोन फर्लांगात आणि त्यानंतर स्टिवर्ड्सच्या, म्हणजे रेसवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांच्या, खोलीत जे झालं त्याबद्दल आपल्याकडे रेस खेळणाऱ्या लोकांनाही माहिती नसते, म्हणून हा धागा.

थोडक्यात सांगतो. १५ घोडे धावले. फेव्हरेट, म्हणजे लोकांच्या मते जिंकणारा, क्रॅगानूर, भाव सहाला चार, म्हणजे दीडपट. आदल्या वर्षी दोन वर्षांच्या घोड्यांत हाच सगळ्यात भारी होता. मालक बॉवर इस्मे, म्हणजे टायटॅनिकमधून जिवंत परत आलेल्या ब्रूस इस्मेचा भाऊ. दुसरा घोडा अबॉयर, भाव शंभराला एक, त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं. अबॉयर सुरुवातीपासून पुढे होता, टॅटनहॅम कॉर्नरचं वळण झाल्यावर क्रॅगानूर त्याच्या बाजूला आला आणि मग शेवटपर्यंत दोघं एकमेकांना घासत, आदळत आले. जजने क्रॅगानूरला डोक्याच्या फरकाने जिंकलेलं दिलं.

आता गंमत नाही, गंभीर गोष्ट ही की अबॉयरच्या मालकाने ऑब्जेक्शन घेतलंच नाही. जॉकी पायपरनेही नाही. स्टिवर्ड्सनी स्वतःहून घेतलं, स्वतःच चौकशी केली, स्वतःच निकाल दिला आणि क्रॅगानूरला रेसमधूनच बाद केलं. शंभराला एकचा घोडा डर्बी विनर झाला. डर्बीत फेव्हरेट पहिला येऊन अशा धक्काबुक्कीसाठी बाद झाला असं त्याआधी कधी झालेलं नव्हतं.

आणि निकाल द्यायला बसलं कोण होतं ते बघा. तीन स्टिवर्ड्स होते. लॉर्ड रोझबेरीचा स्वतःचा घोडा रेसमध्ये होता म्हणून ते बाजूला झाले, हे योग्यच केलं. उरले लॉर्ड वुल्व्हर्टन आणि मेजर युस्टेस लोडर. हा लोडर म्हणजे क्रॅगानूरचा ब्रीडर, घोडा त्याच्याच स्टडवर (घोड्यांच्या पैदाशीच्या फार्मवर) जन्मलेला, त्यानेच हा घोडा लहानपणी लिलावात विकला आणि तो इस्मेने घेतला. ज्या माणसाने विकलेला घोडा दुसऱ्या मालकाच्या नावावर डर्बी जिंकतोय तोच माणूस खुर्चीवर बसून त्याला बाद करतो, हे मला कधीच पटणार नाही. रोझबेरीला बाजूला होण्याचं कळलं तर लोडरला का नाही कळलं?

माझं मत सरळ आहे, क्रॅगानूरवर अन्याय झाला. तुमचं सांगा.

कायद्याचंबोला

पॅडॉकवाला साहेब, माहिती उत्तम दिलीत पण निष्कर्ष मान्य नाही.

पहिलं म्हणजे मालकाने ऑब्जेक्शन घेतलं नाही याला काही अर्थ नाही. रेस ही दोन मालकांमधली खासगी बाब नसते. मैदानावर हजारो लोकांचे पैसे लागलेले असतात, त्यांच्या वतीने बघायला कोणीतरी पाहिजे ना, म्हणून तर स्टिवर्ड असतात. आज महालक्ष्मीलाही स्टिवर्ड्स स्वतःहून एन्क्वायरी लावतात, लाउडस्पीकरवर सांगतात, आणि जुने लोक लगेच बाजूच्याला म्हणतात तिकीट फाडू नको. तेव्हा कोणी विचारत नाही की मालकाने तक्रार केली होती का.

दुसरं, लोडरचं. तुम्ही एकच बाजू सांगितलीत. डर्बी विनरचा ब्रीडर हे बिरुद काय साधं असतं का? स्वतःच्या स्टडवर जन्मलेला घोडा डर्बी जिंकतोय म्हटल्यावर लोडरचा फायदाच होता, नुकसान नाही. त्याने स्वतःच्या ब्रीडिंगच्या विरुद्ध निकाल दिला. मी तर म्हणेन की यातून त्याचा प्रामाणिकपणा दिसतो. शिवाय त्याने १९०६ मध्ये स्पिअरमिंटवर डर्बी आधीच जिंकली होती आणि प्रिटी पॉलीसारखी फिली, म्हणजे तरुण घोडी, त्याच्याकडे होती, अशा माणसाला दुसऱ्याचं बक्षीस बघून जळायची गरज काय?

तिसरं, निकालात फक्त अबॉयरचं नाव नाहीये. क्रॅगानूर सरळ लाइनीत धावला नाही, त्याने शोगुन, डे कॉमेट आणि अबॉयर तिघांना अडथळा केला असं स्टिवर्ड्सनी म्हटलंय. शोगुनवर फ्रँक वूटन होता, तो रेलिंगच्या बाजूला कोंडला गेला, घोड्यात दम असून बाहेर पडायला जागा नाही. एका घोड्याने तीन घोड्यांची वाट लावली तर तो पहिला कसा राहणार?

पॅडॉकवाला

कायद्याचंबोला, शोगुन कोंडला गेला हे मान्य, पण कोंडलं कोणी? अबॉयर रेलिंगला चिकटून पळत होता, तो मधेच रेल सोडून उजवीकडे क्रॅगानूरवर आला, मग परत डावीकडे गेला. त्याने रेल सोडली तेव्हा आत फट पडली आणि शोगुन त्या फटीत शिरायला गेला, तेवढ्यात अबॉयर परत आत आला. यात सुरुवात अबॉयरची आहे. हा घोडा स्वभावाने वाईट होता, क्रॅगानूरला चावायला गेला असंही तेव्हा सांगितलं गेलं. मग धक्का देणारा एकटा क्रॅगानूर कसा?

आणि एप्समची जमीन बघा. शेवटची सरळ पट्टी सपाट नाहीये, स्टँडकडून आतल्या रेलिंगकडे उतरती आहे. दमलेला घोडा आपोआप डावीकडे झुकतो, आजही झुकतो, चांगले चांगले जॉकी तिथे उजव्या हाताने घोडा सांभाळत आणतात. क्रॅगानूर बाहेरच्या बाजूला, अबॉयर आत, दोघं दमलेले, एक रेल सोडून बाहेर येतोय आणि दुसऱ्याला उतार आत खेचतोय. अशा ठिकाणी दोघं एकमेकांवर येणारच. दोष वाटायचा तर दोघांत वाटा.

साक्षीदारांचं तर मी बोललोच नव्हतो. चौकशीत बिली सॅक्सबीची साक्ष झाली. हा सॅक्सबी कोण? महिन्याभरापूर्वी टू थाउजंड गिनीज या मोठ्या रेसमध्ये क्रॅगानूरवर जॉकी म्हणून हाच बसला होता. तिथे जजने लुव्हॉ नावाच्या घोड्याला जिंकवलं, बघणाऱ्या बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की क्रॅगानूरच पुढे होता. त्यानंतर सॅक्सबीला क्रॅगानूरवरून काढलं आणि अमेरिकन जॉनी रीफला आणलं. डर्बीत सॅक्सबी लुव्हॉवर होता. म्हणजे ज्या घोड्यावरून त्याची नोकरी गेली त्याच घोड्याविरुद्ध तो साक्ष देतोय, आणि क्रॅगानूर बाद झाला की त्याचा लुव्हॉ तिसऱ्याचा दुसरा होतोय. अशा साक्षीला किती वजन द्यायचं?

रानजाई

मी रेस खेळत नाही, बघतही नाही, इतिहास वाचते म्हणून इथे आले. आणि मला वाईट वाटतंय, मनापासून वाईट वाटतंय, की इतकं सगळं लिहिलं गेलं आणि एमिली डेव्हिसनला एका ओळीत संपवलं. "ते बोलायलाच पाहिजे" म्हणायचं आणि पुढच्या वाक्यात भाव सांगायचे.

ही बाई कोण होती ते तरी लिहा ना. रॉयल हॉलोवेत शिकली, पैसे संपले म्हणून सोडावं लागलं, नोकरी करून परत ऑक्सफर्डला गेली, इंग्रजीत फर्स्ट क्लास मिळवला, पण ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना डिग्रीच देत नव्हतं. मतदानाच्या हक्कासाठी लढताना नऊ वेळा अटक झाली. उपोषण केलं की नाकातोंडातून नळी घालून जबरदस्तीने अन्न ओतायचे, तिच्या बाबतीत हे ४९ वेळा झालं. मँचेस्टरच्या स्ट्रेंजवेज जेलमध्ये तिने कोठडीचं दार आतून अडवलं तर खिडकीतून पाण्याचा पाइप सोडला तिच्यावर, थंडगार पाणी. १९११ च्या जनगणनेच्या रात्री पार्लमेंटच्या इमारतीत कपाटात लपून बसली, का, तर त्या रात्रीचा माझा पत्ता हाउस ऑफ कॉमन्स असं नोंदवता यावं म्हणून.

आणि ती मरायला गेली होती हे जे सगळे गृहीत धरतात तेही मला मान्य नाही. तिच्या जवळ रेल्वेचं परतीचं तिकीट सापडलं. सफ्रजेट्सचे, म्हणजे मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या बायकांचे, जांभळा पांढरा हिरवा असे दोन झेंडे सापडले. त्याच आठवड्यात लंडनमध्ये सफ्रजेट्सचा मेळावा चालू होता त्याचं तिकीट होतं. पुढे फ्रान्सला बहिणीकडे जायचा बेत होता. २०१३ मध्ये जुन्या न्यूजरील नीट साफ करून वेगवेगळ्या कॅमेऱ्यांची दृश्यं जुळवून बघितली, त्यात अशी शक्यता दिसते की ती घोड्याच्या लगामाला झेंडा किंवा पट्टी लावायला हात वर करत होती. चौकशीत कॉरोनरनेही आत्महत्या म्हटलं नाही, अपघाती मृत्यू म्हटलं. कवटीच्या तळाला फ्रॅक्चर होतं, ८ जूनला गेली. राणीने डायरीत तिच्यासाठी "भयंकर बाई" असे शब्द लिहिले. आणि तुम्ही इथे घोड्यावर अन्याय झाला म्हणताय.

तिसरी_घंटा

रानजाई ताई, तुमच्या भावनेचा आदर आहे पण थोडं दुसऱ्या बाजूनेही बोलतो.

परतीच्या तिकिटावरून काहीच सिद्ध होत नाही. डर्बीच्या दिवशी स्पेशल गाड्यांना परतीचीच तिकिटं मिळायची असं तिच्यावर लिहिणाऱ्यांनीच दाखवून दिलंय. झेंडा लावायचा होता हे मानलं तरी ताशी पन्नासेक किलोमीटरने येणाऱ्या घोड्याच्या लगामाला हात घालायचा, वर माणूस बसलाय, त्या माणसाचं काय? अर्धा टनाचा घोडा वळणावरून उताराने येतोय, त्याला थांबायला वेळच नसतो. माझे वडील घोड्यांच्या तबेल्यात कामाला होते, घोडा पडला की जॉकीचं काय होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं.

हर्बर्ट जोन्स, राजाच्या आन्मरवरचा जॉकी. फिल्ममध्ये बघा, घोडा कोलमडतो, जोन्स खाली जातो आणि पाय रिकिबीत अडकल्यामुळे क्षणभर फरफटतो. डोक्याला मार, बरगडीला मार. हा गरीब माणूस होता, मालक नव्हता, मंत्री नव्हता, बायकांना मत नाकारणाऱ्यांपैकी नव्हता. पोटासाठी घोड्यावर बसला होता. त्याला धोक्यात घालायचा हक्क कोणालाच नव्हता, कितीही मोठं कारण असो.

आणि हे पंधरा दिवसांत परत झालं. त्याच महिन्यात अॅस्कॉटला गोल्ड कपमध्ये हॅरल्ड ह्युइट नावाचा माणूस हातात झेंडा आणि पिस्तूल घेऊन ट्रॅकवर घुसला, ट्रेसरी नावाचा घोडा त्याच्यावर आदळून पडला. सुदैवाने जॉकी वाचला, तोही वाचला. एकाने केलं की दुसरा करतो, आणि प्रत्येक वेळी मधे घोडा आणि जॉकी.

रानजाई

जोन्सचं दुःख मी नाकारत नाही. पण जोन्सने स्वतः काय केलं ते पण सांगा ना. १९२८ मध्ये सफ्रजेट्सची पुढारी एमेलिन पँकहर्स्टच्या अंत्ययात्रेला तो फुलांचं चक्र घेऊन गेला, त्यावर मिसेस पँकहर्स्ट आणि मिस एमिली डेव्हिसन दोघींच्या स्मृतीला मानवंदना म्हणून लिहिलं होतं. ज्याला इजा झाली त्याने पंधरा वर्षांनी तिला मान दिला, मग तुम्ही आम्ही त्याच्या वतीने राग धरून का बसायचं?

आणि हक्क नव्हता म्हणताय तर त्यांच्याकडे दुसरा रस्ता काय उरला होता तेही बघा. अर्ज झाले, मोर्चे झाले, शिष्टमंडळं झाली. १९१० मध्ये पार्लमेंटबाहेर पोलिसांनी बायकांना सहा तास बडवलं, त्या मोर्चात आपली सोफिया दुलीपसिंग, रणजितसिंगांची नात, पुढच्या रांगेत होती. एप्रिल १९१३ मध्ये नवीन कायदा केला, उपोषण करून मरायला टेकलेल्या बाईला सोडायचं आणि जरा बरी झाली की परत उचलायचं. म्हणजे तुरुंगात मरून सुद्धा कोणाला कळू द्यायचं नाही. मग ती तिथे गेली जिथे राजा बघत होता आणि कॅमेरे लागले होते.

तिसरी_घंटा

राग नाही ताई. जोन्सने माफ केलं तो त्याचा मोठेपणा. त्याने चक्र वाहिलं म्हणून त्या दिवशी त्याला खाली पाडणं योग्य होतं असं होत नाही, एवढंच माझं म्हणणं. कारण योग्य होतं, मत मिळायलाच पाहिजे होतं, याबद्दल इथे कोणाचं दुमत नसावं. पण वळणावर येणाऱ्या घोड्यासमोर जाणं हा मार्ग मी कधीच बरोबर म्हणणार नाही.

पॅडॉकवाला

रानजाई, तुमचं दोन्ही वेळचं वाचलं. एक गोष्ट स्पष्ट करतो, एमिलीमुळे निकाल बदलला असं मी म्हणत नाहीये आणि कोणी म्हणत असेल तर ते चूक आहे. ती टॅटनहॅम कॉर्नरला आतल्या बाजूने रेलिंगखालून आली तेव्हा पुढचे घोडे निघून गेले होते, आन्मर पार मागच्या दोन-तीन घोड्यांत होता. पुढच्या जॉकींना मागे काय झालं ते माहीतही नव्हतं. ते पुढे सरळ पट्टीत आपल्या भांडणात होते. म्हणजे एकाच रेसमध्ये दोन वेगळ्या घटना, आणि एकीमुळे दुसरी झाकली गेली. दुसऱ्या दिवसापासून पेपरवाल्यांना दोन्ही विषय होते, पण वर्षं गेली तसा दुसरा फक्त रेसवाल्यांपुरता उरला. मला तोच बोलायचा होता, पहिल्याला कमी लेखून नाही.

आणि राजेशाहीचा विषय काढलात तर माझा मुद्दाही तिथेच जातो. इस्मे कुटुंबाचं नाव टायटॅनिकमुळे खराब झालेलं होतं, जेमतेम चौदा महिने झाले होते. बॉवर इस्मे जहाजावर नव्हताच, पण आडनाव तेच. जहाजाच्या धंद्यातला पैसा, लॉर्ड नाही, काही नाही. स्टिवर्ड्सच्या खोलीत सगळे जुन्या घराण्यातले. हे सिद्ध करता येत नाही मला कळतं. पण ज्या क्लबमध्ये ठरावीक लोकच न्यायाधीश होऊ शकतात तिथे बाहेरच्या माणसाला शंका येणारच, आणि ती शंका दूर करायची जबाबदारी न्याय देणाऱ्याची आहे. लोडर त्या दिवशी उठून बाहेर गेला असता तर आज हा प्रश्नच नव्हता.

कायद्याचंबोला

बरं, आडनावाचा मुद्दा भावनिक आहे, सोडून देतो. नियमावर या. त्या काळात अडथळा केला की घोडा सरळ बाद, अडथळ्याने फरक पडला का हा प्रश्नच वेगळा विचारत नसत. स्टिवर्ड्सना फाउल दिसला तर त्यांच्यापुढे दुसरा पर्यायच नव्हता. नियम कडक होता असं म्हणा, निकाल चुकीचा होता म्हणू नका. आणि आजचा नियम लावून बघू, आज इंग्लंडमध्ये काय बघतात, की ज्याला धक्का बसला तो घोडा धक्क्याशिवाय पुढे आला असता का. फरक किती होता? फक्त डोक्याएवढा! अबॉयरला एवढे धक्के बसूनही तो डोक्याने हरला, मग धक्के नसते तर तोच जिंकला असता असं आजचाही स्टिवर्ड म्हणू शकतो. म्हणजे आजही अबॉयर पहिला आणि क्रॅगानूर दुसरा.

शिवाय शंभराला एकचा घोडा म्हणून तो आलतूफालतू असं समजू नका. १८९८ चा जेडा आणि १९०८ ची सिग्नोरिनेटा, दोघांचाही भाव शंभराला एकच होता आणि दोघांनी डर्बी चोख जिंकली. एप्सम आहेच असा ट्रॅक.

पॅडॉकवाला

हा मुद्दा मात्र तुमचा दमदार आहे, यावर नीट उत्तर देतो.

आजचा नियम लावायचा तर पूर्ण लावा. आज दोघांची दोन बाजूंनी फिल्म बघतील, समोरून पण, आणि पहिला प्रश्न असेल की आपली लाइन आधी कोणी सोडली. अबॉयर रेल सोडून क्रॅगानूरवर आला असेल तर क्रॅगानूरचंही नुकसान झालंय, आणि एवढं होऊन तो डोक्याने जिंकलाय. धक्के दोघांच्या खात्यातून वजा करा, तुम्ही एकाच खात्यातून करताय. आज फार तर दोन्ही जॉकींना सस्पेंड करतील आणि निकाल तसाच ठेवतील.

आणि त्या दिवशी लोकांच्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा त्याचा पुरावा निकालातच आहे. जजने पहिले तीन दिले क्रॅगानूर, अबॉयर, लुव्हॉ. फिनिशचा फोटो बघा, लुव्हॉच्या पुढे आतल्या बाजूला, रेलिंगजवळ डे कॉमेट स्पष्ट दिसतो. जजला तो दिसलाच नाही, मोठ्या घोड्यांच्या आड गेला. अख्खा घोडा! डर्बीत तिसरा आलेला घोडा आजतागायत रेकॉर्डवर कुठल्याच नंबरवर नाही. क्रॅगानूर बाद झाल्यावर लुव्हॉ दुसरा आणि ग्रेट स्पोर्ट तिसरा झाला, डे कॉमेटचा मालक मोकळ्या हाताने घरी गेला. जो माणूस घोडा बघायला विसरतो त्याचीही साक्ष त्याच चौकशीत घेतली गेली.

रानजाई

डे कॉमेटचं मला माहीत नव्हतं. हे खरंच आहे का, अजूनही दुरुस्त केलं नाही? एमिलीसाठी टॅटनहॅम कॉर्नरला पाटी लावायला २०१३ साल उजाडलं, गावात पुतळा बसवायला २०२१. त्या मैदानावरची कुठलीच गोष्ट वेळेवर मान्य होत नाही असं दिसतंय. पण मी एवढं म्हणेन की पुढच्या वेळी धागा काढाल तेव्हा दोन्ही गोष्टी सारख्या लिहा. मला तुमचा घोडा कळला, तुम्हालाही ती बाई कळू दे.

कायद्याचंबोला

डे कॉमेटबद्दल वाद नाही, तिथे जज चुकलाच. पण जज वेगळा आणि स्टिवर्ड वेगळे. एकाच्या चुकीने दुसऱ्यांचा निकाल खोटा ठरत नाही. आणि क्रॅगानूरचं फार वाटोळं झालं असंही नाही, इस्मेने त्याला अर्जेंटिनात ३० हजार पौंडांना विकला, तेव्हाची ही प्रचंड रक्कम, तिथे स्टडवर मानाने राहिला. वाईट झालं ते अबॉयरचं. नंतर एकही रेस जिंकला नाही, रशियाला विकला गेला आणि १९१७ च्या क्रांतीत कुठे गेला कोणालाच पत्ता नाही.

माझा शेवटचा प्रश्न पॅडॉकवालांना. तुम्ही त्या दिवशी स्टिवर्ड असता तर नेमकं काय केलं असतं? मोघम नको.

पॅडॉकवाला

मोघम सांगत नाही. लोडरला खोलीबाहेर बसवलं असतं आणि ज्याचा घोडा नाही, ज्याने घोडा विकलेला नाही असा तिसरा माणूस बोलावला असता. सॅक्सबीची साक्ष घेतलीच नसती, त्याच्याऐवजी मागून सगळं बघत आलेल्या जॉकींना विचारलं असतं. फोटो डेव्हलप होऊन येईपर्यंत निकाल थांबवला असता, बुकींना थांबा सांगितलं असतं, एक दिवस लागला तर लागला. आणि मग क्रॅगानूर पहिला, अबॉयर दुसरा, डे कॉमेट तिसरा. रीफ आणि पायपर दोघांनाही घरी बसवलं असतं, सारखेच दिवस.